नांदेड–लातूर हवाई अंतर

मराठवाड्यातील नांदेड (उ. अ. १९°११', पू. रे. ७७°१९') व लातूर (उ. अ. १८°२५', पू. रे. ७६°२८') या दोन विमानतळांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे १२४ किमी., म्हणजे ६७ सागरी मैल. नांदेडहून निघालेल्या विमानाला नैर्ऋत्येकडे जावे लागते. रेषेचा मध्य अहमदपूरच्या उत्तरेस दहा-बारा किमी.वर पडतो. गोदाकाठचे नांदेड विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३८० मी. उंचीवर आहे, तर बालाघाटाच्या पठारावरील लातूरचे ६३० मी.च्या आसपास. त्यामुळे नांदेडहून येणारे विमान जिथून उडाले त्याहून अडीचशे मीटर उंच जागी उतरते.

हे अंतर विमानतळांचे आहे, शहरांचे नव्हे. लातूरचे विमानतळ शहराच्या पश्चिमेस साधारण १२ किमी.वर, म्हणजे नांदेडच्या नेमके उलट अंगाला आहे. दोन्ही शहरे सरळ रेषेत ११५ किमी.हूनही जवळ आहेत.

उड्डाणवेळ काढताना नुसता भागाकार फसवा ठरतो. एटीआर–७२ जातीचे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किमी. वेगाने जाते, त्या हिशेबाने १५ मिनिटे पुरावीत. पण धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे, चढाई, उतरण्यापूर्वीचे वळण आणि पुन्हा फलाटावर येणे धरले, तर वेळापत्रकात अर्धा तास तरी मांडावा लागतो. जेट विमानाला इथे फारसा फायदा नाही: पुरती उंची गाठायच्या आत उतरायची तयारी सुरू होते आणि इंधनाचा मोठा वाटा चढाईतच जातो.

जमिनीवरून नांदेड, लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, लातूर असा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. एसटीला साधारण तीन तास लागतात. रेल्वे मात्र परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा घालते व अंतर दोनशे किमी.च्या पुढे नेते. नांदेड–पनवेल गाडी याच वाटेने धावते. विमानतळावर आधी पोहोचण्याचा वेळ धरला, तर विमान एसटीला फार मागे टाकत नाही. निव्वळ या दोन गावांपुरती विमानसेवा परवडणे कठीण, ते यामुळेच. मुंबईसारख्या लांबच्या फेरीतला एक टप्पा म्हणूनच हे अंतर उपयोगी. किंगफिशर या विमान कंपनीच्या वेळापत्रकात काही काळ दोन्ही गावे होती.

नांदेडच्या विमानतळाला गुरू गोविंदसिंग यांचे नाव आहे. २००८ मधील शिखांच्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीसाठी त्याचा विस्तार झाला. धावपट्टी २,३०० मी.ची आहे. लातूरचे विमानतळ १९९१ चे. दोन्ही विमानतळे २००९ मध्ये बारामती, यवतमाळ व उस्मानाबादसह रिलायन्सकडे दीर्घ भाडेपट्ट्याने गेली. पुढे केंद्र सरकारच्या उडान योजनेखाली २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली, आणि २०२४ मध्ये स्टार एअर ही विमान कंपनी नांदेडला आली. लातूरला प्रवासी विमानसेवा रुळली नाही.