डिस्क थकली, कार्ड आलं: ड्रीमकास्टची दुसरी इनिंग

परभणी, सेलू, जिंतूर, कुठूनही ऐकत असाल; मोबाईल शॉपीत मेमरी कार्डात गाणी भरून घेतलेली आठवतात ना? घरातला सीडी प्लेयर तेव्हाच अडगळीत गेला. आजची गोष्ट तशीच, पण एका गेम कन्सोलची.

सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट २७ नोव्हेंबर १९९८ ला जपानमध्ये आला. त्याच्या जीडी-रॉम डिस्कमध्ये साधारण १ जीबी मावायचं, साध्या सीडीत ७०० एमबी. पण २००१ मध्ये सेगाने उत्पादनच थांबवलं.

आता वय झाल्यावर आधी काय थकतं? बहुतेक वेळा ड्राइव्ह. मोटर झिजते, लेन्सवर धूळ बसते, लेझर मंदावतो. कंपनी नवे ड्राइव्ह बनवत नाही.

मग हौशी लोकांनी डोकं लावलं. जीडीएमूसारखे बोर्ड आले. ड्राइव्ह काढायचा, त्याच कनेक्टरवर बोर्ड बसवायचा. कन्सोल डिस्कवरचा डेटा मागतो, बोर्ड तो एसडी कार्डातून देतो. कन्सोलला वाटतं, डिस्कच फिरतेय! गंमत बघा, एसडी कार्डची घोषणा १९९९ ची, म्हणजे दोघं एकाच पिढीचे.

अर्थात, फुकटात उतरवलेले गेम म्हणजे पायरसीच. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा सॉफ्टवेअरची कायदेशीर प्रत असणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप घेऊ देतो.

तुमच्याकडे ड्रीमकास्ट नसेलही. पण कपाटात आई-बाबांच्या लग्नाची सीडी असेल, तर ती वाचणारा ड्राइव्ह चालतोय तोवर कॉपी करून घ्या.