अहम् म्हणजे जाणीव नव्हे

मनोविश्लेषणाची ओळख करून देताना हिमनगाचे चित्र हमखास पुढे केले जाते. त्याचा सर्रास लावला जाणारा अर्थ असा: पाण्यावरचे टोक म्हणजे जाणीव, तेथे विवेकी अहम्, खाली अंधारात वासनांचे इदम्, आणि दोघांवर नीतीचा पहारा ठेवणारा पराहम्. या अर्थामागून उपदेशही येतो. इदम् म्हणजे आतला पशू, त्याला आवरा; पराहम् म्हणजे सदसद्विवेक, त्याला बळ द्या; मन आपोआप निरोगी होईल. काहीजण तर या तिघांची तम, रज, सत्त्व अशी वाटणीही करून टाकतात. या मांडणीत फ्रॉइडच्या सिद्धान्ताचा गाभाच हरवतो.

पूर्वपक्ष निराधार नाही. 1900 च्या स्वप्नांवरील ग्रंथात फ्रॉइडने मनाची विभागणी जाणीव, बोधपूर्व आणि अबोध अशीच केली होती. इदम् सर्वस्वी अबोध आहे, हेही त्याचेच मत. पण तेवढ्याने भागत असते, तर 1923 मध्ये ‘अहम् आणि इदम्’ हा प्रबंध लिहून त्याला नवी रचना मांडावी लागलीच नसती. ती का लागली, हे पाहिले की प्रचलित समज टिकत नाही.

कारण उपचाराच्या अनुभवात होते. मनात येईल ते बोला, असे रुग्णाला सांगितले जाते. तो बोलत राहतो आणि दडपलेल्या विषयाजवळ येताच अडखळतो. काही सुचत नाही म्हणतो. तुम्ही प्रतिरोध करत आहात, असे सांगितले तरी त्याला ते पटत नाही, कारण खरोखरच त्याला त्याची जाणीव नसते. आता हा प्रतिरोध कोणाचा? दडपलेल्या इच्छेचा असणे शक्य नाही. ती तर वर येऊ पाहते. तो दडपणाऱ्याचा, म्हणजे अहम्‌चाच. याचा अर्थ अहम्‌चा एक भाग स्वतःच अबोध आहे. पहारा देणाऱ्याला आपण पहारा देत आहोत हे ठाऊक नाही. म्हणून ‘जाणीव विरुद्ध नेणीव’ ही जुनी सीमारेषा मनातला संघर्ष समजायला अपुरी ठरली, आणि नवी रचना जन्मली. या दोन रचना एकाच चित्रात कोंबल्या, की अहम्‌ला जाणिवेच्या खुर्चीत बसवण्याची चूक होतेच. ॲना फ्रॉइडने 1936 मध्ये अहम्‌च्या संरक्षण यंत्रणांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो याच पायावर.

दुसरी चूक पराहम्‌विषयीची, आणि ती अधिक घातक आहे. काही रुग्ण प्रकृती सुधारू लागताच, किंवा कोणी कौतुक करताच, अधिक खालावतात, हे फ्रॉइडने नोंदवले. त्यांना अपराधी वाटत नसते. फक्त आजारी वाटत असते. आजार ही स्वतःला दिलेली शिक्षा असते आणि शिक्षा सुनावणारा पराहम् पडद्याआड असतो. 1916 मध्येच त्याने अशा माणसांविषयी लिहिले होते, ज्यांच्या बाबतीत अपराधभाव आधी असतो आणि गुन्हा नंतर घडतो. मनातल्या बोचणीला निदान एक कारण तरी मिळते. विषादात पराहम् अहम्‌वर तुटून पडतो, तेव्हा त्यात सात्त्विक असे काही नसते. त्याचा आवेश इदम्‌मधूनच आलेला असतो. 1933 च्या व्याख्यानांतील आकृतीत फ्रॉइडने पराहम् थेट इदम्‌मध्ये उतरलेला दाखवला आहे. मग ‘देव वर, पशू खाली’ ही उतरंड उरतेच कोठे?

यावर एक सबळ आक्षेप येईल. त्याच व्याख्यानात फ्रॉइड म्हणतो की जेथे इदम् होते तेथे अहम् यायला हवा, आणि या कामाची तुलना हॉलंडमध्ये समुद्र हटवून जमीन मिळवण्याशी करतो. हा इदम्‌वर विजयच नव्हे काय? नव्हे. त्याच्या लगेच आधी त्याने उपचाराचे हेतू सांगितले आहेत: अहम् बळकट करणे, त्याला पराहम्‌पासून अधिक स्वतंत्र करणे, त्याची दृष्टी विस्तारणे. इदम्‌चे नवे भाग आपलेसे करणे हे त्यातून साधते. म्हणजे वासनेवर आणखी एक शिपाई बसवणे हा हेतू नाहीच. जे परके वाटत होते ते आपले म्हणून ओळखणे, हा आहे.

फ्रॉइडच्या सर्व प्रतिपादनांची पाठराखण मला करायची नाही. त्याच्या पुराव्याच्या पद्धतीवर घेतले गेलेले आक्षेप गंभीर आहेत. पण सिद्धान्त नाकारायचा तर आधी तो नीट मांडावा लागतो. शिवाय हा वाद केवळ पुस्तकी नाही. स्वतःला अखंड दोष देणाऱ्या मुलाला ‘मन ताब्यात ठेव’ असे बजावणे, म्हणजे त्याच्या आतल्या निर्दय न्यायाधीशाला आणखी एक साक्षीदार पुरवणे आहे. अशा मुलाला शिस्तीचा नवा धडा नको असतो. त्याला शिक्षा कोण सुनावतो आहे आणि कशासाठी, हे पाहायला त्याच्यासोबत बसणारे माणूस हवे असते.