रद्दीतून वाचलेली पुस्तकं

तरुणपणी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मी काही वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. गॅलीची लांबलचक प्रुफं यायची. समासात लाल शाईनं खुणा करायच्या, दुरुस्त्या झाल्या की पुन्हा ताडून पाहायचं. पुस्तक छापून झालं, की प्रुफांचा गठ्ठा रद्दीत. कधी तो घरी नेऊन मी बंब पेटवायलाही वापरला आहे. या कागदांसाठी कुणी पैसे मोजेल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो.

आमची पिढी नारायण धारपांच्या भयकादंबऱ्या वाचनालयातून आणून, रात्री दिवा न मालवता वाचणारी. त्या ओढीनं पुढे इंग्रजी भयकादंबऱ्या वाचल्या आणि त्या जमवणाऱ्या अमेरिकेतल्या संग्राहकांची ओळख झाली. गंमत अशी की, त्यांच्यातले काही जण देखण्या पहिल्या आवृत्तीपेक्षाही प्रुफाच्या प्रतीमागे धावतात.

ही प्रत म्हणजे काय, ते सांगतो. पुस्तक बाजारात येण्याच्या काही महिने आधी प्रकाशक थोड्या प्रती साध्या कागदी वेष्टनात बांधून काढतो आणि समीक्षकांना, पुस्तकविक्रेत्यांना फुकट पाठवतो. त्यांवर बहुधा ‘दुरुस्त न केलेली प्रत, विक्रीसाठी नाही’ असं छापलेलं असतं. यातला मजकूर अंतिम पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय उद्धृत करू नये, अशी विनंतीही असते. म्हणजे जन्मतःच ती फेकून देण्यासाठी केलेली वस्तू.

म्हणूनच ती दुर्मिळ होते. स्टीफन किंगचं उदाहरण घ्या. 1974 च्या एप्रिलमध्ये ‘डबलडे’नं त्याची ‘कॅरी’ ही पहिली कादंबरी काढली. लिहिली तेव्हा तो मेन राज्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवणारा मास्तर होता. अशा अनोळखी मास्तराच्या पुस्तकाची आगाऊ प्रत कोण जपून ठेवणार? पुढे तो जगप्रसिद्ध झाला, तेव्हा लोकांनी त्याची प्रुफं सांभाळायला सुरुवात केली. नामवंत लेखकाची सुरुवातीची प्रुफं कमी आणि नंतरची जास्त सापडतात, त्याचं कारण इतकं साधं आहे.

पण अशा प्रतीला मोल केवळ दुर्मिळतेमुळे नसतं. 1984 साली अमेरिकेत ‘थिनर’ नावाची भयकादंबरी निघाली. लेखक रिचर्ड बॅकमन. याच नावानं 1977 पासून चार कादंबऱ्या आल्या होत्या आणि फारसा गाजावाजा झाला नव्हता. ‘थिनर’ची एक आगाऊ प्रत वॉशिंग्टनमधल्या पुस्तकाच्या दुकानातल्या एका कर्मचाऱ्याच्या हाती पडली. तो किंगचा निष्ठावंत वाचक. पहिल्या काही पानांतच त्याला वाटलं, हा हात ओळखीचा आहे. तो थेट ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये गेला आणि बॅकमनच्या पुस्तकांच्या स्वामित्वहक्काच्या नोंदी काढल्या. बहुतेक नोंदी किंगच्या एजंटच्या नावावर होत्या. सर्वांत जुन्या ‘रेज’च्या नोंदीत मात्र खुद्द स्टीफन किंगचं नाव होतं!

मला या माणसाचं पुढचं वागणं जास्त आवडतं. तो तडक वर्तमानपत्राकडे धावला नाही. त्यानं त्या कागदांच्या नकला एजंटकडे पाठवल्या आणि काय करावं, असं विचारलं. मग किंगनं स्वतः दुकानात फोन करून त्याच्याशी बोलणं केलं. फेब्रुवारी 1985 मध्ये हे गुपित जगजाहीर झालं. किंगनंच पुढे लिहिल्याप्रमाणे, बॅकमनच्या नावावर ‘थिनर’च्या 28,000 प्रती खपल्या होत्या. गुपित फुटल्यावर खप दसपट झाला. पुस्तक तेच, अक्षर न् अक्षर तेच!

‘थिनर’ची आगाऊ प्रत आज कुणाच्या कपाटात असेल, तर तिच्यात हा सगळा इतिहास आहे. लेखकाचं खरं नाव जगाला माहीत नव्हतं, तेव्हा ती छापली गेली. नंतरच्या आवृत्त्यांवर किंगचं नाव आलं. ते नाव नसताना पुस्तक कसं दिसत होतं, वाचकापुढे कसं ठेवलं जात होतं, याची साक्ष पहिल्या प्रती देतात, आणि त्यांतही सर्वांत आधीची साक्ष या प्रतीची.

एक प्रश्न मात्र मला सतावतो. ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेली वस्तू विकावी का? लेखकानं ज्या चुका सुधारल्या, खोडल्या, त्या जपाव्यात का? मुद्रितशोधक म्हणून माझा पहिला कौल ‘नको’ असाच होता. चुका माझ्या नजरेतून सुटलेल्या असल्या, तर त्या जगानं पाहू नयेत असंच वाटणार! पण पुस्तक बाजारात आल्यावर प्रुफाचं गुपित उरत नाही, उरतो तो त्याच्या घडणीचा पुरावा. तो नष्ट झाला, तर लेखकानं काय बदललं हे कधीच कळत नाही.

आता बऱ्याच आगाऊ प्रती संगणकाच्या फाइल म्हणून जातात. मुदत संपली की त्यांतल्या कित्येक उघडतही नाहीत. बंबात कागद घातला, तर निदान धूर तरी दिसायचा.

तुमच्या घरात एखाद्या जुन्या छापखान्यातला प्रुफांचा गठ्ठा पडून असेल, तर रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. मी पाहिला नव्हता.