विंचूदंशाचे उपचारज्ञान आणि त्याचा मुक्त प्रसार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

तातडीच्या व अतिदक्षता वैद्यकातील ज्ञान महानगरांतील रुग्णालयांत निर्माण होते आणि तेथून ग्रामीण भागाकडे झिरपते, असा सर्वसाधारण समज आहे. कोल्हापूरहून घाट उतरल्यावर लागणाऱ्या कोकणपट्टीचा इतिहास या समजाला छेद देतो.

लाल विंचवाचा दंश हे कोकणात दीर्घकाळ मृत्यूचे कारण होते. १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. उलट्या, दरदरून घाम, गार पडणारे हातपाय ही हृदयावरील संकटाची पूर्वसूचना होय, हे त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. विषामुळे शरीरात कॅटेकोलामाइन द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावरील ताण वाढतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. ही साखळी तोडण्यासाठी उच्च रक्तदाबावरील प्राझोसिन ही गोळी उपयोगी ठरली. ती तोंडाने देता येते आणि स्वस्त आहे. अतिदक्षता कक्ष नसलेल्या तालुक्यासाठी हेच तिचे खरे मोल होते. मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत उतरल्याचे बावस्करांनी नमूद केले आहे.

तथापि येथे एक विसंगती दिसते. ज्ञान आरोग्य केंद्रात जन्मले, पण छापले गेले ते वर्गणी भरणाऱ्यांच्याच नियतकालिकात. ज्या डॉक्टरांसमोर विंचूदंशाचा रुग्ण प्रत्यक्ष येतो, त्यांच्यापैकी किती जणांच्या हाती तो अंक पडणार होता?

२०११ मधील ‘बीएमजे’तील शोधनिबंधाचे महत्त्व म्हणूनच दुहेरी आहे. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे ७० रुग्णांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीत प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. स्वतःच रूढ केलेल्या उपचाराची मर्यादा संशोधकांनी स्वतःच दाखवावी, हे विरळाच. हा निबंध महाजालावर कोणालाही विनामूल्य वाचता येतो.

पुढील वर्षी, २०१२ मध्ये, डब्लिन येथील परिषदेच्या वेळी ऑस्ट्रेलियातील डॉ. माइक कॅडोगन यांनी तातडीच्या वैद्यकातील मुक्त शिक्षणसाहित्यासाठी ‘फोम’ ही संज्ञा सुचवली. तिच्या छायेत ध्वनिफिती, चित्रफिती व टिपणे विपुल प्रमाणात उपलब्ध झाली. परंतु या साहित्याची पारख बहुधा प्रकाशनानंतर वाचकच करतात. महाडचा निबंध मात्र प्रसिद्धीपूर्वी तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेला होता. निर्णयाला काही तासच मिळतात अशा आजारात हा फरक लहान नाही.