इन्सुलिन घेणारा पायलट विमानात शुगर कशी तपासतो?

इन्सुलिन घेणारी व्यक्ती प्रवासी विमान चालवू शकते का? काही देशांत, हो. ब्रिटनने २०१२ मध्ये कडक अटी घालून ही परवानगी दिली. अमेरिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये व्यावसायिक पायलटांसाठी मार्ग मोकळा केला. हे सगळं कसं चालतं, ते मी इथे सोप्या भाषेत सांगतो.

भीती कसली?

इन्सुलिन रक्तातली शुगर कमी करतं. डोस जास्त झाला किंवा जेवण लांबलं, तर शुगर गरजेपेक्षा खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात आणि डोकं नीट चालत नाही. खरी अडचण इथेच आहे. शुगर उतरली हे ज्या मेंदूने ओळखायचं, तोच तेव्हा मंद झालेला असतो. म्हणून कॉकपिटमध्ये 'मला बरं वाटतंय' हे पुरेसं नाही, आकडा बघावाच लागतो.

ब्रिटनचा सिग्नल

बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर आकडा घ्यायचा, हा या पद्धतीचा पाया. उड्डाणाआधी, हवेत दर तासाला आणि लँडिंगच्या साधारण अर्धा तास आधी तपासणी होते. ब्रिटनमध्ये शुगर मिलिमोलमध्ये मोजतात. त्या आकड्याला १८ ने गुणलं की आपल्याकडचा मिलिग्रॅमचा आकडा मिळतो. मी खाली आपलेच आकडे दिलेत:

- हिरवा (९० ते २७०): काम चालू ठेवा.
- पिवळा, खालचा (७२ ते ९०): १० ते १५ ग्रॅम लवकर पचणारी साखर घ्या, अर्ध्या तासाने पुन्हा तपासा.
- पिवळा, वरचा (२७० ते ३६०): इन्सुलिन आणि खाण्याचा पुन्हा विचार करा.
- लाल (७२ च्या खाली किंवा ३६० च्या वर): विमानाचा ताबा लगेच दुसऱ्या पायलटकडे द्या.

हिरवा पट्टा २७० पर्यंत जातो, म्हणून घरीही तेवढी शुगर चालेल असं समजू नका. हवेत शुगर अचानक उतरणं जास्त धोक्याचं, म्हणून वरच्या बाजूला सैल जागा ठेवली आहे.

मग सेन्सर कशाला?

दंडावर किंवा पोटावर लावायचा सीजीएम सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली शुगर मोजतो आणि दर काही मिनिटांनी आकडा ब्लूटूथने फोनवर पाठवतो. अमेरिकेच्या नव्या पद्धतीत हाच मुख्य आधार आहे. आकड्यासोबत बाणही दिसतो. १०० आणि बाण सरळ असेल तर ठीक. १०० आणि बाण झपाट्याने खाली असेल तर आत्ताच काहीतरी खायला हवं. टोचून मिळालेला एक आकडा ही दिशा दाखवत नाही.

सेन्सरच्या मर्यादाही आहेत. त्वचेखालचा द्रव रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, त्यामुळे शुगर वेगाने बदलताना आकडा मागे पडतो. सेन्सरवर दाब आला तर तो खोटा कमी आकडाही दाखवतो. म्हणूनच ग्लुकोमीटर सोबत लागतोच.

आणि एअरप्लेन मोड? तो लावल्यावर काही फोनमध्ये ब्लूटूथ बंद होतं. ते वेगळं चालू करता येतं. प्रवासात सेन्सर वापरत असाल तर हे आठवणीने बघा, नाहीतर अलार्म येणारच नाही.

हे जमतं का?

२०२० मध्ये ४९ पायलटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २२ हजारांहून जास्त उड्डाणतासांत ३८,६२१ वेळा शुगर तपासली गेली. त्यातले ९७.६९ टक्के आकडे हिरव्या पट्ट्यात होते आणि लाल पट्ट्यात ०.१४ टक्के.

माझ्या मते हे यश फक्त यंत्राचं नाही. कोणत्या आकड्याला काय करायचं हे जमिनीवर, डोकं शांत असताना ठरलेलं असतं आणि शेजारच्या पायलटलाही ते माहीत असतं. तुम्ही किंवा घरचं कुणी इन्सुलिन घेत असेल, तर डॉक्टरांना विचारून असेच आकडे ठरवा, अॅपमध्ये अलार्म लावा आणि तो वाजल्यावर काय करायचं हे सोबतच्या माणसालाही सांगून ठेवा.