खेळण्यातलं विमान आणि ढगातलं विमान

घरच्या संगणकावर विमान उडवणारी तरुण मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात, ‘सर, सिम्युलेटरवर शेकडो तास झालेत, खरं विमान जमेल का?’ याचं उत्तर इतिहासात आहे, म्हणून आज थोडं मागे जाऊ.

साल 1929. याच वर्षी जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. तिकडे अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंक एक अजब यंत्र जुळवत होता. वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना. ऑर्गनमधले हवेचे भाते घेऊन त्याने लाकडाचं एक बुटकं विमान केलं. दांडा ओढला की नाक वर, ढकलला की खाली. वैमानिकी शिकवणाऱ्यांना त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. ते विकलं गेलं करमणुकीच्या बागांना, खेळणं म्हणून!

मग आलं 1934. अमेरिकी सरकारने हवाई टपालाचं काम खासगी कंपन्यांकडून काढून लष्कराकडे दिलं. ऐन हिवाळा, धुकं, रात्र. नुसत्या तबकड्या बघून उडण्याचा सराव बहुतेकांना नव्हता. काही आठवड्यांत डझनभर माणसं गेली. तेव्हा कुठे लष्कराने लिंककडून सहा यंत्रं घेतली. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत अशी दहा हजारांहून अधिक यंत्रं तयार झाली.

खेळणं एवढं कामाला का आलं? कारण ढगात आपलं शरीर खोटं बोलतं. विमान हळूहळू कलत असतं आणि आतल्या कानाला वाटतं, सगळं सरळ आहे. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या एका प्रयोगात, तबकड्यांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या 20 जणांना बाहेरचं दिसेनासं केलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, तोही सरासरी 178 सेकंदांत! अंगाला वाटतं त्यावर नव्हे, तबकडीवर विश्वास ठेवायचा, हे पेटीत बसून शिकता येतं. योगायोग असा, की याच विद्यापीठात शिकलेल्या ब्रूस आर्टविकचा फ्लाइट सिम्युलेटर 1982 साली मायक्रोसॉफ्टने बाजारात आणला आणि लिंकची पेटी घराघरांत शिरली.

पण उतरताना गणित उलटं होतं. तिथे अंगच खरं सांगतं. बुडाखालचा दाब, आडव्या वाऱ्याचा धक्का, पोटातली भीती. ही भीती पडद्यावर येत नाही, कारण तिथे थांबवायचं बटण असतं. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं, ते याचसाठी.

म्हणून माझं उत्तर असं: तुमचे ते तास वाया गेलेले नाहीत. डोळ्यांना आणि डोक्याला शिस्त लागली. मात्र अंगाचं शिक्षण अजून पहिलीत आहे. प्रशिक्षकासमोर ‘मला येतं’ म्हणू नका. ‘मला वाचता येतं, आता लिहायला शिकवा’ म्हणा. भेटू पुढच्या भागात.