कॉटन ग्रीन : एका छायाचित्राचा स्थलनिर्णय

भडगांव येथील एका जुन्या व्यापारी घराण्याचें दप्तर पाहत असतां हिशेबाच्या वहींत ठेवलेलें एक छायाचित्र आमच्या हातीं आलें. उघड्या मैदानावर रुईच्या गाठींच्या थप्प्या लागल्या आहेत, आणि त्यांच्या अगदीं पाठीशीं गलबतांच्या डोलकाठ्या दिसतात. मागें मोडींत ‘कापसाचें ग्रीन, मुंबई’ एवढींच अक्षरें. मिति नाहीं, शक नाहीं. हें चित्र शिवडीजवळील कॉटन ग्रीनचें, अशी घरची समजूत. आम्हींहि प्रथम तीच ग्राह्य मानून तशी टीप करून ठेविली. ती टीप चुकीची होती, म्हणून हा लेखप्रपंच.

‘ग्रीन’ हें नांव मुंबईंत एका जागीं स्थिर राहिलेलें नाहीं. कोटांतील सेंट थॉमस चर्चसमोरचें मोकळें मैदान, जेथें आतां हॉर्निमन सर्कल आहे, तें मूळचें ग्रीन. कापसाचे ढीग तेथें लागत. १८४४ सालीं हा बाजार कुलाब्यास गेला, तो नांव बरोबर घेऊनच गेला. पुढें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत पोर्ट ट्रस्टनें समुद्र हटवून केलेल्या शिवडीकडील भूमीवर तो आला. हार्बर मार्गावरील स्टेशनासहि तेंच नांव मिळालें. म्हणजे एका नांवाचीं तीन स्थळें! ताम्रपटांतील ग्रामनामांविषयीं जी सावधगिरी आपण बाळगतों, ती छायाचित्र हातीं आलें कीं सुटते.

खानदेशास हा विषय परका नाहीं. आगगाडी येण्यापूर्वीं इकडील कापूस बैलांच्या पाठीवर व गाड्यांतून थळघाट उतरून कोंकणांतील बंदरांस जाई व तेथून होड्यांनीं मुंबई गांठी. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेंतील यादवी युद्धानें त्यास सोन्याचा भाव आला. मुंबईच्या कापूसबाजाराचें चित्र गिरणाकांठच्या वहींत सांपडावें, यांत नवल तें काय?

निर्णयासाठीं आम्ही एका माजी विद्यार्थ्यास कॅमेऱ्यासह घेऊन कॉटन ग्रीन येथें उतरलों. तेथील गोदामें पक्कीं, छपराचीं. रुई आंत राही, उघड्यावर नव्हे. पांच जागांवरून चित्रें घेतलीं; एकांतहि गोदामांपलीकडे समुद्र दिसत नाहीं, मग डोलकाठ्या कोठून दिसणार? उलट कुलाब्याचें मैदान समुद्रास लागून होतें व गाठी तेथें उघड्यावरच रचीत. गोदामांपूर्वींची शिवडी ही असेल, अशी शंका कोणी घेईल. परंतु बाजार तेथें आला तो गोदामें झाल्यावरच. सबब चित्र कुलाब्याचें, व बाजार हलण्यापूर्वींचें. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ सालीं. त्यामुळें पूर्वमर्यादाहि फार मागें नेतां येत नाहीं.

हा किनाराच आतां पुसला जात आहे. प्रिन्सेस गोदी १८८० ची, व्हिक्टोरिया १८८८ ची. पहिलीच्या खोदकामांत चिखलाखालीं उभ्या वृक्षांचें बुडालेलें रान लागलें होतें. पुराणवस्तूंच्या संग्राहकास हेवा वाटावा असाच तो लाभ! दुसरींत १४ एप्रिल १९४४ रोजीं ‘फोर्ट स्टिकीन’ हें जहाज, पोटांत दारूगोळा व कापूस एकत्र असतां, दोन स्फोटांनीं उडालें. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामास आले, आणि युद्धकालीन निर्बंधांमुळें बातमीदारांस तें वृत्त मे महिन्यापर्यंत बाहेर धाडतां आलें नाहीं. एकविसाव्या शतकांत या दोन्ही गोद्या बुजविण्यांत आल्या. त्यांचें पाणी आतां छायाचित्रांतच पाहावयाचें.

आमच्या पांचही चित्रांच्या पाठीवर तिथि, जागा व कॅमेऱ्याचें तोंड कोणत्या दिशेस होतें हें पेन्सिलीनें लिहिलें आहे. शाई वापरूं नये. ती कागदांतून पुढें उमटते, हें आम्ही पूर्वीं एका चित्राची हानि करून शिकलों. मूळ छायाचित्र त्या घराण्याकडे परत दिलें. मोडी अक्षरांस हात लाविला नाहीं; सोबत चिठी जोडून तींत ‘कुलाबा’ एवढा शब्द घातला आहे.